अमेरिकेतले दोन पक्ष : नावं तीच, माणसं बदललेली

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी ज्यांनी झीज सोसली, त्यांच्याविषयीचा आदर त्या अर्पणपत्रिकेत आहे. पुण्यात हे पुस्तक निघालं त्या वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षपदी युलिसिस ग्रँट होते. यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेचा पराभव करणाऱ्या सैन्याचे ते सरसेनापती, आणि त्यांचा पक्ष रिपब्लिकन. दक्षिणेतल्या गुलामांच्या मालकांचा पक्ष होता डेमोक्रॅटिक.

आज त्याच गुलामांचे वंशज मोठ्या बहुमतानं डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात आणि दक्षिणेतली गोरी गावं रिपब्लिकन पक्षाला. या दोन पक्षांत फरक काय, असं विचारलं की बहुतेक जण कर, गर्भपात, बंदुका, व्हिसा अशी यादी सांगतात. यादी बरोबर आहे, पण ती आजची आहे. साठ वर्षांपूर्वीची यादी वेगळी होती आणि दीडशे वर्षांपूर्वीची जवळजवळ उलटी. म्हणून या लेखात भूमिकांइतकीच जागा मी माणसांना देणार आहे : कोण कोणत्या पक्षात होतं, कधी निघालं आणि कशामुळे निघालं.

शब्दांचा घोळ आधी सोडवू

महाराष्ट्रात ‘रिपब्लिकन’ म्हटलं की निळा झेंडा डोळ्यांपुढे येतो. बाबासाहेब आंबेडकरांच्या संकल्पनेतला, त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये स्थापन झालेला भारतीय रिपब्लिकन पक्ष. त्याआधी बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं पहिली सार्वत्रिक निवडणूक हत्ती या चिन्हावर लढवली होती. अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाची खूणही हत्तीच आहे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तिथला हत्ती थॉमस नास्ट या व्यंगचित्रकारानं १८७४ मध्ये ‘हार्पर्स वीकली’त काढला आणि तो पक्षाला चिकटला. डेमोक्रॅटांचं गाढव त्याहून जुनं. १८२८ च्या प्रचारात अँड्र्यू जॅक्सन यांना विरोधकांनी गाढव म्हटलं, जॅक्सन यांनी ती शिवी अंगावर घेऊन मिरवली, आणि पुढे नास्टनंच ते गाढव घरोघरी पोचवलं.

रंगांचंही तसंच. आपल्याकडे लाल म्हणजे कम्युनिस्ट. अमेरिकेत लाल म्हणजे रिपब्लिकन आणि निळा म्हणजे डेमोक्रॅट. ही वाटणी अगदी अलीकडची आहे. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत बुश आणि गोर यांच्यातला निकाल पाच आठवडे लांबला, तोवर दूरचित्रवाणीवर रोज तेच नकाशे दिसत राहिले आणि रंग कायमचे ठरून गेले.

सगळ्यांत जास्त दिशाभूल करतो तो ‘उदारमतवादी’ हा शब्द. आपल्याला त्यातून रानडे-गोखले आठवतात. अमेरिकेत ‘लिबरल’ म्हणजे सरकारनं गरिबांसाठी, अल्पसंख्याकांसाठी अधिक करावं असं मानणारा, साधारणपणे डेमोक्रॅट. त्याला ‘डावा’ म्हणतात खरं, पण लाल बावट्याच्या अर्थानं डावा असा मोठा पक्ष तिथे नाही. खासगी मालकी आणि बाजारपेठ दोघांनाही मान्य आहे. भांडण आहे ते त्या बाजाराला लगाम किती घालायचा यावर. आणि हो, पुढे ‘काँग्रेस’ असा शब्द येईल तो तिथल्या संसदेसाठी : सिनेट आणि प्रतिनिधीगृह मिळून काँग्रेस.

लिंकनचा पक्ष आणि दक्षिणेचा पक्ष

डेमोक्रॅटिक पक्ष वयानं मोठा. १८२८ मध्ये जॅक्सन निवडून आले त्या मोहिमेतून तो उभा राहिला. शेतकरी आणि सामान्य माणूस यांची बाजू, बँकांविषयी संशय, राज्यांना जास्तीत जास्त अधिकार आणि केंद्र सरकार शक्य तितकं लहान, हा त्याचा सूर होता. जॅक्सन स्वतः गुलामांचे मालक होते. ‘राज्यांचे हक्क’ या शब्दांत गुलाम बाळगण्याचा हक्कही धरलेला होता.

रिपब्लिकन पक्ष जन्मला १८५४ मध्ये, एका कायद्याच्या विरोधातून. कॅन्सस आणि नेब्रास्का या नव्या प्रदेशांत गुलामगिरी न्यायची की नाही, हे तिथल्या वसाहतकऱ्यांनी ठरवावं असं तो कायदा म्हणत होता. विस्कॉन्सिन राज्यातल्या रिपन या गावी एका शाळेत जमलेल्या लोकांनी नव्या पक्षाची भाषा सुरू केली. अवघ्या सहा वर्षांत, १८६० मध्ये, एब्रहम लिंकन अध्यक्ष झाले. त्यांना देशभरात जेमतेम ४० टक्के मतं होती आणि दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत त्यांच्या नावाच्या मतपत्रिकाच नव्हत्या. ते पदावर बसण्याआधीच दक्षिणेतली राज्यं फुटायला लागली.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आज ‘सरकार लहान हवं’ असं म्हणणारा हा पक्ष तेव्हा सरकारनं कामं करावीत असं म्हणत होता. युद्ध पेटलेलं असताना, एकट्या १८६२ मध्ये, लिंकन यांच्या काँग्रेसनं पश्चिमेतली सरकारी जमीन कसणाऱ्यांना दिली, खंडभर जाणाऱ्या रेल्वेला मदत मंजूर केली आणि राज्यांना कृषी व तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांसाठी जमिनी दिल्या. आयात मालावर मोठा कर लावून देशी कारखाने जगवणं, हेही त्यांचंच धोरण.

युद्धानंतर गुलामगिरी संपवणारी, नागरिकत्व देणारी आणि वंशावरून मताधिकार नाकारू नये असं सांगणारी तीन घटनादुरुस्त्यांची मालिका रिपब्लिकनांनी १८६५ ते १८७० या काळात पार पाडली. १८७० मध्ये मिसिसिपीहून हायरम रेव्हेल्स सिनेटमध्ये गेले. पहिले कृष्णवर्णीय सिनेटर, अर्थातच रिपब्लिकन. जोतीरावांनी अर्पणपत्रिका लिहिली ती या काळात, आशेच्या ऐन भरात.

चारच वर्षांनी ती आशा मोडली. १८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली आणि तडजोडीत रिपब्लिकन रुदरफोर्ड हेज यांना अध्यक्षपद मिळालं. त्याबरोबर १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांना आधार देणारं केंद्राचं लष्कर मागे घेतलं गेलं. मुक्त झालेल्या माणसांना त्यांच्या जुन्या मालकांच्या हवाली करून लिंकनचा पक्ष उत्तरेतल्या उद्योगधंद्यांकडे वळला. दक्षिणेत गोऱ्या डेमोक्रॅटांनी मतदानावर कर, साक्षरतेच्या परीक्षा आणि उघड दहशत यांच्या जोरावर कृष्णवर्णीयांना मतदानातून जवळजवळ पुसून टाकलं. ही व्यवस्था १९६५ पर्यंत टिकली. या पापात एका पक्षाचा हात होता आणि दुसऱ्याचं मौन, असं माझं मत आहे.

घर बदलणारे मतदार

१९२९ ची मंदी आली. १९३२ मध्ये डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्ट प्रचंड बहुमतानं निवडून आले आणि त्यांनी पक्षाची जुनी ‘लहान सरकार’वाली शिकवण बाजूला ठेवली. सरकारी कामांवर रोजगार, बँकांवर देखरेख, कामगार संघटनांना कायद्याचं संरक्षण, आणि १९३५ मध्ये म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनाची सोशल सिक्युरिटी योजना. उत्तरेकडच्या शहरांत राहणाऱ्या कृष्णवर्णीय मतदारांनी १९३६ मध्ये पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं लिंकनचा पक्ष सोडला. भाकरीचा प्रश्न होता आणि भाकरी रूझवेल्ट देत होते. या योजनांतही भेदभाव होताच. शेतमजूर आणि घरकामगार सोशल सिक्युरिटीतून सुरुवातीला वगळले गेले, आणि दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय तर तीच कामं करत होते.

त्यामुळे डेमोक्रॅटिक पक्षात एक विचित्र एकत्र कुटुंब तयार झालं. एका खोलीत शिकागो-डेट्रॉइटचे कामगार, कॅथलिक आणि ज्यू स्थलांतरित, कृष्णवर्णीय. दुसऱ्या खोलीत दक्षिणेतले वर्णवर्चस्ववादी गोरे. हे घर कधीतरी फुटणारच होतं. १९४८ मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी पक्षाच्या अधिवेशनात नागरी हक्कांचा ठराव झाला म्हणून दक्षिणेतले काही प्रतिनिधी उठून गेले, आणि साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड यांनी वेगळा पक्ष काढून निवडणूक लढवली.

खरी फूट १९६४ मध्ये पडली. हॉटेलात, नोकरीत, सार्वजनिक ठिकाणी वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी रेटला. सिनेटमध्ये दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांनी अडीच महिने भाषणं करून तो अडवला; रॉबर्ट बर्ड हे त्यांच्याच पक्षाचे सिनेटर तर एकदा सलग चौदा तासांहून अधिक बोलत राहिले. हा बांध फुटला तो रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्क्सन यांनी आपल्या पक्षाची मतं मिळवून दिल्यामुळे. अंतिम मतदान ७३ विरुद्ध २७. विरोधातल्या २७ पैकी २१ डेमोक्रॅट होते आणि ६ रिपब्लिकन.

पण त्या सहांत एक नाव होतं बॅरी गोल्डवॉटर, आणि त्याच वर्षी ते रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. खासगी दुकानदारानं कुणाला वाढावं हे केंद्र सरकारनं सांगू नये, असा त्यांचा घटनात्मक मुद्दा होता. देशभर त्यांचं पानिपत झालं. त्यांनी जिंकलेली राज्यं सहा : स्वतःचं ॲरिझोना आणि दक्षिणेच्या पोटातली पाच. मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मतं पडली. ज्या मिसिसिपीत रिपब्लिकन असणं म्हणजे गद्दारी होती, तिथे. स्ट्रॉम थर्मंड त्याच वर्षी रिपब्लिकन झाले. १९६८ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी या नाराज गोऱ्या मतदारांकडे लक्ष देऊन मोहीम आखली आणि पुढच्या तीस वर्षांत दक्षिण सावकाश एका घरातून दुसऱ्या घरात गेली. १९९४ मध्ये तब्बल चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह रिपब्लिकनांकडे आलं, त्यात दक्षिणेचा वाटा मोठा होता.

उत्तरेत उलटं घडलं. व्हरमाँट या छोट्या राज्यानं १८५६ पासून १९६० पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. १९९२ पासून ते प्रत्येक वेळी डेमोक्रॅटांना कौल देतं.

सरकारनं किती करावं?

आजच्या भूमिकांचा विचार केला तर पहिला मोठा फरक इथे दिसतो. रिपब्लिकनांचं म्हणणं थोडक्यात असं : माणसानं कमावलेला पैसा त्याचा आहे, सरकारनं त्यातला कमीत कमी घ्यावा, नियम कमी असले की धंदा वाढतो, धंदा वाढला की रोजगार येतो, मदत करायची तर ती कुटुंबानं, चर्चनं, गावानं, आणि सरकारलाच करायची असेल तर राज्यानं करावी. डेमोक्रॅटांचं म्हणणं : बाजार सगळ्यांना सारखी संधी देत नाही, आजारपण, म्हातारपण, बेकारी हे एकट्यानं झेलायचे प्रसंग नाहीत, श्रीमंतांनी जास्त कर द्यावा आणि सरकारनं किमान आधार द्यावा.

करांत हे सरळ दिसतं. रोनाल्ड रेगन यांच्या काळात सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा कर ७० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आला. २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी कंपन्यांवरचा कर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला. मात्र कर कमी करणं सोपं आणि खर्च कमी करणं अवघड, त्यामुळे रिपब्लिकन अध्यक्षांच्या काळातही तूट फुगलेली दिसते. अलीकडची शिलकी अंदाजपत्रकं आली ती १९९८ ते २००१ दरम्यान, बहुतांशी बिल क्लिंटन यांच्या काळात, जेव्हा काँग्रेस रिपब्लिकनांच्या हातात होती.

सगळ्यांत कडवं भांडण आरोग्याचं. म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना १९६५ मध्ये आल्या. २०१० मध्ये बराक ओबामा यांनी विम्याचा मोठा कायदा आणला, तेव्हा अंतिम मतदानात एकाही रिपब्लिकनानं त्याला मत दिलं नाही. २०१७ मध्ये तो मोडण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये एका मतानं फसला. जॉन मॅकेन या रिपब्लिकन सिनेटरनं मध्यरात्रीनंतर अंगठा खाली करून आपल्याच पक्षाला नकार दिला. वाद अजून शमलेला नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारचं कामकाज ४३ दिवस बंद पडलं, त्याच्या मुळाशी या कायद्याखालच्या विम्याच्या अनुदानाचाच प्रश्न होता. आणि मेडिकेडचा विस्तार स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोपवल्यामुळे टेक्सास आणि फ्लोरिडा यांनी तो अजून घेतलेला नाही. एकाच देशात, तेवढ्याच उत्पन्नाच्या माणसाला एका राज्यात दवाखाना परवडतो आणि दुसऱ्यात नाही. मला हे पटत नाही; पण राज्यांना आपापला निर्णय घेऊ देण्याचं तत्त्व अमेरिकेत फार खोल रुजलेलं आहे, हेही समजून घ्यायला हवं.

धर्म, गर्भपात, बंदुका

पैशाच्या बाबतीत ‘सरकार दूर ठेवा’ म्हणणारे रिपब्लिकन गर्भपाताच्या बाबतीत सरकारनं मनाई करावी असं म्हणतात. डेमोक्रॅट नेमके उलटे. हा विरोधाभास समजतो तो त्यांचे मतदार कोण आहेत हे पाहिल्यावर. १९७९ मध्ये पाद्री जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली आणि बायबलवर निष्ठा ठेवणारे प्रोटेस्टंट मतदार रेगन यांच्या मागे उभे केले. त्यांच्या दृष्टीनं गर्भ हा जीव आहे, आणि जीव वाचवणं हे सरकारचं कामच आहे. डेमोक्रॅटांच्या दृष्टीनं निर्णय बाईचा आहे, तिच्या शरीराचा आहे.

पण ही रेघ जन्मजात नव्हती. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या विधेयकावर सही केली ती रेगन यांनीच. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा हक्क मान्य केला, तेव्हा बाजूनं कौल देणाऱ्या सात न्यायाधीशांपैकी पाच रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते, आणि विरोधातल्या दोघांपैकी एक डेमोक्रॅट अध्यक्ष केनेडी यांनी नेमलेले. जून २०२२ मध्ये तो हक्क रद्द झाला, तेव्हा रद्द करणारे पाचही रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते आणि विरोध करणारे तिघेही डेमोक्रॅट अध्यक्षांनी. पन्नास वर्षांत न्यायालयही पक्षांच्या रेषेवर कसं आलं, ते या दोन निकालांत दिसतं.

बंदुकांबाबत थोडक्यात : राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतला शस्त्र बाळगण्याचा हक्क रिपब्लिकनांना जवळजवळ पवित्र वाटतो, विशेषतः ग्रामीण भागात, जिथे पोलीस यायला अर्धा तास लागतो. डेमोक्रॅटांना तपासण्या आणि निर्बंध हवेत. लष्करी धाटणीच्या बंदुकांवर १९९४ मध्ये घातलेली बंदी २००४ मध्ये मुदत संपून गेली, ती पुन्हा आलेली नाही.

व्हिसाच्या रांगेत

पुण्या-नाशिकच्या घरांत अमेरिकी निवडणुकीची चर्चा होते ती या प्रश्नामुळे. १९४६ च्या कायद्यानं भारताला वर्षाला १०० माणसांचा कोटा दिला होता. तो कायदा रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅट इमॅन्युएल सेलर या दोघांच्या नावानं ओळखला जातो. १९६५ मध्ये देशनिहाय जुना कोटा रद्द झाला आणि भारतातले डॉक्टर, इंजिनिअर जायला लागले. अमेरिकेतली मराठी मंडळं, गणपती, नाटकांचे दौरे हे सगळं त्या कायद्यानंतरचं.

आज डेमोक्रॅट साधारणपणे स्थलांतरितांना सामावून घेण्याच्या बाजूनं आहेत आणि रिपब्लिकन सीमा आवळण्याच्या. तरी रेगन यांनीच १९८६ च्या कायद्यानं सुमारे २७ लाख बेकायदा रहिवाशांना कायदेशीर दर्जा दिला होता, हे विसरू नये.

एच-१बी व्हिसाचं भांडण तर पक्षांच्या आतलं आहे. वर्षाला ६५ हजार आणि तिथे उच्चशिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, असा हा कोटा. रिपब्लिकनांमधले उद्योगपती तो वाढवा म्हणतात, ‘अमेरिका आधी’ म्हणणारे बंद करा म्हणतात. डेमोक्रॅटांच्या बाजूला बर्नी सँडर्स यांच्यासारखे नेते कंपन्या स्वस्तात माणसं आणतात म्हणून टीका करतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली. ग्रीन कार्डासाठी एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा मात्र दोन्ही पक्षांच्या राजवटींत कायम राहिली आणि भारतीयांची रांग वाढतच गेली. ‘आपल्यासाठी कोणता पक्ष चांगला’ या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर देता येत नाही.

व्यापार आणि परदेश

इथे तर काटा पुन्हा फिरला आहे. एकोणिसाव्या शतकात आयातकराचा पुरस्कार करणारे रिपब्लिकन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खुल्या व्यापाराचे कैवारी झाले. १९९३ मध्ये कॅनडा-मेक्सिकोबरोबरचा नाफ्टा करार डेमोक्रॅट क्लिंटन यांनी मंजूर करून घेतला, तो प्रतिनिधीगृहात १३२ रिपब्लिकन आणि १०२ डेमोक्रॅट मतांवर. ट्रम्प यांनी पक्षाला परत आयातकराकडे नेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या बऱ्याच मालावर ५० टक्के कर लागला, तेव्हा त्याचा चटका मुंबईत सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांपर्यंत आला.

रशियाबाबतही तसंच. रेगन यांचा पक्ष सोव्हिएत संघाचा कट्टर विरोधक. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनला मदत देण्याच्या विधेयकावर त्याच पक्षाचे १०१ प्रतिनिधी बाजूनं होते आणि ११२ विरोधात.

पक्षाला हायकमांड नाही

आपल्याकडे उमेदवारी ‘वरून’ येते. अमेरिकेत ती खालून येते. दोन्ही पक्षांत आधी प्राथमिक फेरी होते, जिला प्रायमरी म्हणतात. तिथे सामान्य मतदारच पक्षाचा उमेदवार निवडतात. पक्षाच्या नेत्यांना नको असलेला माणूसही त्यामुळे पक्ष ताब्यात घेऊ शकतो. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी हेच केलं. सँडर्स तर सिनेटमध्ये स्वतःला अपक्ष म्हणवतात, तरी दोनदा डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत उतरले आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिले.

मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीचे श्री ठाणेदार हे याचं जवळचं उदाहरण. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचं मराठी आत्मचरित्र अनेकांनी वाचलेलं असेल. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत ते तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात बऱ्याच उमेदवारांच्या गर्दीतून त्यांनी प्रायमरी जिंकली, आणि तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला असल्यानं काँग्रेसचं दार तिथेच उघडलं. त्या निवडणुकीमुळे १९५५ नंतर प्रथमच डेट्रॉइट शहराला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, याची खंत तिथल्या लोकांनी बोलून दाखवली. ती खंत मला समजते.

निवडून आल्यावरही पक्षाचा हुकूम चालत नाही. पक्षांतरबंदीचा कायदा नाही, व्हिप मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही. २०२१ च्या अखेरीला जो बायडेन यांची मोठी सामाजिक योजना त्यांच्याच पक्षाच्या जो मँचिन यांनी अडवली आणि ते सिनेटमध्ये बसून राहिले. शिवाय सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा संपवायलाच १०० पैकी ६० मतं लागतात.

दोनच का?

तिसरा पक्ष काढायला बंदी नाही. पण अध्यक्ष निवडतात ते ५३८ निर्वाचक प्रतिनिधी, आणि दोन राज्यं सोडली तर बाकी सगळीकडे ज्याला एक मत जास्त त्याला त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी. १९९२ मध्ये रॉस पेरो या अपक्षाला देशभरात सुमारे १९ टक्के मतं मिळाली. प्रतिनिधी मिळाले शून्य. म्हणून असंतुष्ट लोक नवं घर बांधण्याऐवजी जुन्या दोनपैकी एकात शिरतात आणि आतल्या भिंती पाडतात.

आज कोण कुठे आहे

पूर्वी कामगार म्हणजे डेमोक्रॅट आणि मालक म्हणजे रिपब्लिकन, असं ढोबळमानानं म्हणता यायचं. आता सगळ्यात ठळक रेघ आहे शहर आणि गाव यांच्यात, आणि पदवीधर व बिगरपदवीधर यांच्यात. वेस्ट व्हर्जिनिया हे कोळसा खाणींचं, कामगार संघटनांचं राज्य. १९९६ मध्ये ते क्लिंटन यांच्या मागे होतं. २०२४ मध्ये तिथे ट्रम्प यांना सुमारे ७० टक्के मतं पडली. खाणी बंद पडल्या, संघटना विरल्या, आणि हवामानबदलाची भाषा बोलणारा डेमोक्रॅटिक पक्ष तिथल्या माणसाला परका वाटू लागला. दुसरीकडे मोठ्या शहरांची सुखवस्तू, शिकलेली उपनगरं, जी एकेकाळी रिपब्लिकनांची हक्काची होती, ती डेमोक्रॅटांकडे सरकली.

आणि मतदार पक्षाच्या यादीप्रमाणे वागतातच असं नाही. फ्लोरिडानं २०२० मध्ये ट्रम्प यांना कौल दिला आणि त्याच दिवशी किमान वेतन १५ डॉलरपर्यंत नेण्याचा ठराव ६१ टक्क्यांनी मंजूर केला. कॅन्सस या रिपब्लिकन राज्यानं ऑगस्ट २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क काढून घेण्याचा प्रस्ताव फेटाळला. पुढारी जितके दूर गेलेत तितकी माणसं गेलेली नाहीत, असं मला अशा निकालांवरून वाटतं.

एकाच कायद्यावर दोन मतदानं

पुढारी किती दूर गेले ते १९६५ च्या मताधिकार कायद्यावरून कळतं. मार्च १९६५ मध्ये अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर मताधिकार मागणाऱ्या मोर्चाला पोलिसांनी झोडपलं. त्यात पंचविशीतल्या जॉन लुईस यांचं डोकं फुटलं. पाच महिन्यांत कायदा झाला. ज्या राज्यांनी कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखलं होतं, त्यांनी निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. १९६४ मध्ये मिसिसिपीत मतदार म्हणून नोंद असलेले कृष्णवर्णीय ७ टक्क्यांहून कमी होते. तीन वर्षांत ते ६० टक्क्यांच्या आसपास गेले.

२००६ मध्ये या कायद्याची मुदत वाढवायची होती. प्रतिनिधीगृहात ३९० विरुद्ध ३३. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य. दक्षिणेतल्या रिपब्लिकन सिनेटरांनीही हात वर केले आणि रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सही केली.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, कोणत्या राज्यांना हा नियम लावायचा हे ठरवणारं सूत्र जुनं झालं म्हणून रद्द केलं. जॉन लुईस तेव्हा जॉर्जियातून निवडून आलेले काँग्रेस सदस्य होते. ते २०२० मध्ये वारले. नवं सूत्र घालून तोच नियम परत आणणारं, त्यांच्या नावाचं विधेयक ऑगस्ट २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहात आलं. निवडणुका घेणं हे राज्यांचं काम आहे, आजची दक्षिण साठ वर्षांपूर्वीची राहिलेली नाही, असं रिपब्लिकनांचं म्हणणं होतं. मतदानावर नवे अडथळे येत आहेत आणि ते येण्याआधीच अडवायला हवेत, असं डेमोक्रॅटांचं. मतं पडली २१९ विरुद्ध २१२, आणि बाजूच्या २१९ मध्ये एकही रिपब्लिकन नव्हता. सिनेटमध्ये चर्चा सुरू करायच्या बाजूनं लिंकनच्या पक्षातून एकच हात वर झाला, अलास्काच्या लिसा मर्कोवस्की यांचा. साठ मतं झाली नाहीत आणि विधेयक तिथेच राहिलं.